पदराचं टोक

दारू पिऊन गाडी उलटवली म्हणून घरी बसवलेल्या भुजंगला दोन वर्षांनी पुन्हा स्टेअरिंग मिळालं. जिंतूरला निघताना रोज डेपोत साहेब त्याचं तोंड हुंगायचे आणि गाडी सोडायचे. बोरीच्या फाट्यावर मात्र दुसरी तपासणी असायची. त्याच अपघातात लेक गमावलेली कस्तुराबाई ड्रायव्हरच्या खिडकीपाशी यायची, पदराचं टोक वर धरायची. "फुक." तो वाकून फुंकायचा. ती पदर नाकाशी धरून डोळे मिटायची. मग म्हणायची, "जा." आज फाट्यावर ती दिसली नाही. टपरीवाला म्हणाला, "म्हातारी काल गेली. आता तुमाला कोन अडवायलंय? जावा." कंडक्टरनं डबल बेल दिली. भुजंगनं खिडकीबाहेर वाकून रिकाम्या हवेत फुंकलं आणि वाट पाहत बसला. मागं प्रवासी कुरकुरायला लागले. बेल पुन्हा वाजली. त्याचा हात गिअरपर्यंत जाईना. अजून कुणी "जा" म्हणालं नव्हतं.