नवकंकरीचा नवा नियम

"मी बाद," कारभारीनाना म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मच्छिंद्रनं त्यांचा खांदा गदागदा हलवला. "ओ नाना! डोळं उघडा. झोपायचं न्हाई!"

खोदकाम चाललेल्या विहिरीच्या तळाशी तिघं अडकले होते. सकाळी दरड ढासळली आणि एक धोंडा नानांच्या मांड्यांवर बसला. पहारीनं रेटून रेटून बाकी दोघांचे हात सोलले, धोंडा तसूभर हलला नाही. दगडमाती वर ओढणारी यारीही मोडून पडली होती. श्रीगोंद्याहून दुसरी येतीय, तोवर नानाला झोपू देऊ नका, असं वरून कुणीतरी ओरडत होतं. ओरडायला काय जातंय! मच्छिंद्र आणि नूरमहंमदचं बोलायचं होतं ते सगळं बोलून संपलं होतं. शेवटी नूरमहंमदनं छिन्नीनं दगडावर नवकंकरी आखली. एकात एक तीन चौकोन आणि मधून रेघा. खेळ खरा दोघांचा, पण तिघांत मांडला. मच्छिंद्रचे खडे, नूरमहंमदची शेंगांची टरफलं, नानांची बिडीची थोटकं. आपली तीन एका ओळीत बसली की दुसऱ्याचं एक मारायचं. ज्याची दोनच उरली तो बाद.

नाना एरवी पट्टीचे खेळणारे. आज त्यांची थोटकं भलत्याच घरात पडत होती. पहिले तेच बाद झाले.

"ह्यो खेळच बरुबर न्हाई," नूरमहंमद म्हणाला. "बाद झालेला मानूस झोपनारच. कुनी बादच व्हायला नको."

"मंग मारायचंच न्हाई कुनी कुनाला," मच्छिंद्र म्हणाला.

नानांनी एक डोळा उघडला. "मारायचं न्हाई? मंग खेळता कशाला, टाळ कुटत बसा."

चला, नाना बोलले तरी! दोघांच्या जिवात जीव आला. मच्छिंद्र घाईघाईनं म्हणाला, "बरं, मारायचं. पर मेलेलं लगीच परत मांडायचं."

"आन मारनाऱ्याचं काय गेलं?" नाना कुरकुरले. मरायला टेकले तरी खेळातली खोट काढायचा सोस काही सुटला नव्हता. "आसं करा. मारायचं खुशाल. पर ज्यानं मारलं त्यानंच उठवायचं. उठवल्याबिगर त्याला पुढली खेळी न्हाई."

मच्छिंद्रच्या हातातला खडा हातातच राहिला.

विहिरीत उतरण्याआधी दरड पहारीनं ठोकून बघायची, बद्द वाजली तर उतरायचं नाही. ते काम नानांचं. आज नानांनी पहार उचललीही होती. "रोज काय वाजवत बसता, उशीर झालाय," असं म्हणून मच्छिंद्रनंच ती त्यांच्या हातातून काढून घेतली होती.

"नाना," तो म्हणाला, "दरड ठोकायची ऱ्हायली ती माझ्यापायी."

"खेळ," नाना म्हणाले.

खेळ पुन्हा सुरू झाला. थोटकं मरत होती, उठत होती. टरफलं मरत होती, उठत होती. कुणी बाद होत नव्हतं, कुणी जिंकतही नव्हतं. एकदा तर नूरमहंमदची लबाडी पकडून नाना चक्क हसले. मच्छिंद्रला वाटलं, आता निभावतं बहुतेक.

मग नानांची खेळी आली आणि त्यांचा हात पटावर तसाच पडून राहिला. थोटूक बोटांतच होतं.

नूरमहंमदनं नाकाशी बोटं धरून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "गेलं नाना," तो म्हणाला आणि तोंड फिरवून रडायला लागला.

वरून करकर आवाज आला. नव्या यारीची बादली हेलकावे खात खाली येऊन टेकली. "एकेकानं बसा रं!" वरून हाक आली.

नूरमहंमदनं डोळे पुसले. "मच्छिंदर, तू जा आदी. तुझं लेकरू तान्हं हाय. चल, ऊठ."

मच्छिंद्रनं बादलीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं पहार उचलली, नानांवरच्या धोंड्याखाली घातली आणि सोललेल्या हातांनी सगळा जोर लावला.

"माझी खेळी न्हाई," तो म्हणाला. "आदी नानाला उठवायचंय."