पाटीवरची दुरुस्ती

लेक गेल्यावर तिचा पियानो आम्ही गल्लीतल्या, देणग्यांवर चालणाऱ्या संगीताच्या हॉलला दिला. पितळी पाटी कोरणाऱ्यानं घोळ घातला. तिच्या नावापुढे ‘हिच्या स्मरणार्थ’ऐवजी ‘हिच्याकडून सप्रेम भेट’ आलं. हॉलचे चिटणीस ओशाळले, पण बायको म्हणाली, “राहू द्या, भाऊ.” घरी मला म्हणाली, “तिनंच दिल्यासारखं वाटतं.” दर रविवारी ती पाटी पुसायला जायची. यंदा देणग्या आटल्या. हॉलला कुलूप लागलं, पियानो विकला गेला. आज चिटणीस कागदात गुंडाळलेली पाटी घेऊन आले. “वहिनी, एवढंच वाचवता आलं.” तिनं कागद उलगडला. लेकीचं नाव, पुढे ‘हिच्या स्मरणार्थ’. “तुम्ही भिडेपोटी बोलला नाहीत, पण सात वर्षं मला टोचत होतं. जाता जाता जुनी अक्षरं घासून काढली, बरोबर ती कोरून घेतली.” बायको घासलेल्या जागी नखानं जुनी अक्षरं चाचपू लागली. चिटणीसांनी घाबरून विचारलं, “पुन्हा काही चुकलं का हो?”