डुगडुगणारं स्टूल

काही महिने घुम्यासारखा बसून राहिलेला म्हातारा सुतार त्या दुपारी पटाशी घेऊन खोलीत शिरला आणि आतून कडी घालून म्हणाला, "दार तोडाल तर ही स्वतःच्या गळ्यावर चालवीन." बायकोने घाबरून पोलिसांना बोलावलं.

फौजदाराने आधी बंदूकवाल्या शिपायांना जिन्याखाली पिटाळलं. मग सुतारकाकूंनी नवऱ्याच्याच हातचं एक स्टूल आणून दिलं, त्यावर फौजदार दाराला खेटून बसला. विनवण्या करून झाल्या, शपथा घालून झाल्या, पण कडी काही निघेना.

शेवटी त्याने गळ्यातली शिट्टी काढून हळूच स्टुलाच्या एका पायाखाली सरकवली आणि खडखड डुलत ओरडला, "काकू, हे स्टूल कुठल्या अडाण्याने केलंय हो? एक पाय चक्क आखूड आहे!"

"तोंड सांभाळून बोला!" आतून डरकाळी आली आणि कडी निघाली. सुताराने पटाशी बायकोच्या हातात दिली, खाली वाकला आणि शिट्टी काढून फौजदाराच्या नाकासमोर धरली.

 

"खडखडीवरूनच ओळखलं होतं साहेब, पायाखाली काहीतरी सारलंय. पण म्हटलं, इतकं धडधडीत खोटं बोलणाऱ्याचं तोंड एकदा बघावं तरी!"