हवेतली हद्द

“देशाची हद्द काही फक्त जमिनीवर नसते, ती हवेतसुद्धा असते,” आर्विड कोस्की शिडीच्या शेवटच्या पायरीवरून म्हणाला. तेवढ्यात शिडी धरणारा बर्नी कॉफी आणायला गेल्यामुळे पुढचं वाक्य त्यानं छताच्या तुळईला मिठी मारून पूर्ण केलं.

कॅनडातल्या पाइन लँडिंग गावी, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाच्या क्लबात तो वायफायच्या पांढऱ्या तबकड्या बसवत होता. टेलिफोन कंपनीत जन्म गेलेला माणूस. रेडिओच्या कुठल्या पट्टीवर कोणी बोलायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो, आणि यंत्रानं मुकाट त्या देशाचं ऐकायचं असतं, हे त्यानं खाली उभ्या असलेल्यांना समजावून सांगितलं. खाली कोणी उभं नव्हतं.

तबकड्या त्यानं नदीवरच्या पुलापलीकडून, अमेरिकेतल्या मिशिगनमधून आणल्या होत्या. पाइन लँडिंगचे लोक दूध, चीज आणि टायर पुलापलीकडूनच आणतात, आणि तिकडचं दूध कॅनडात येऊन कधी नासल्याचं कोणाला आठवत नाही. आर्विडनंही खोकी उघडली आणि तबकड्या ठोकल्या.

फेब्रुवारीत टीव्हीवरच्या हवामानाच्या रडारच्या चित्रात गावावर एक निळी पाचर उमटली. पिझ्झाच्या तुकड्यासारखी, टोक रडारकडे. क्लबची अध्यक्ष लोर्ना बोद्रीनं ती सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, आणि ती हलेना तेव्हा गोठलेल्या नदीवरची मासेमारीची स्पर्धा रद्द केली. एवढा बर्फ पडणार असेल तर माणसं नदीवर कशी सोडायची?

शनिवारी असं लख्ख ऊन पडलं की नदीवर लोक टोप्या काढून फिरत होते.

त्यानंतर लोर्ना दिसली की कोणीतरी आकाशाकडे बघायचं. “लोर्ना, कपडे वाळत घालू का गं?” बर्नी विचारायचा. किराणाच्या दुकानात तिला कोणीतरी छत्री भेट दिली. पहिल्यांदा तीही हसली. मग ती किराणा आणायला पुलापलीकडे जाऊ लागली.

पाचर कशाची, हे आर्विडला एका संध्याकाळी रिकामं खोकं चुलीत घालताना कळलं. खोक्याच्या बुडाला बारीक अक्षरांत छापलं होतं: फक्त अमेरिकेत वापरासाठी. जी पट्टी अमेरिकेत तबकड्यांना मोकळी आहे, ती कॅनडात हवामानाच्या रडारसाठी राखून ठेवलेली. तबकड्या तिथंच गप्पा मारत होत्या, आणि रडारला त्या गप्पा बर्फ वाटत होत्या. तबकडीत देश बदलायची सोय नव्हती. त्यानं पट्टी तेवढी बदलली. पाचर गेली.

मग त्यानं खोकं जाळलं आणि तोंड मिटलं. लोर्नाला उद्या सांगू, असं तो रोज रात्री ठरवायचा. सकाळी क्लबात कॉफी पिताना ती समोर येऊन बसायची, आणि तो तिला साखर पुढे करायचा.

वार्षिक सभेच्या संध्याकाळी लोर्नानं क्लबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “दुसरं कोणीतरी बघा,” ती म्हणाली. “ज्याला आभाळातलं कळतं असं.”

कोणी हसलं नाही. आर्विड चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याच्या, वाडग्यात बघत बसला.

तेवढ्यात दार उघडून एक अनोळखी माणूस आत आला. गडद निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र. खिडकीतून त्याची गाडी दिसत होती. टपावर उंच अँटेना. त्यानं हातातल्या फोनकडे बघितलं, मग मान वर करून छताच्या तबकडीकडे.

रडारमध्ये ढवळाढवळ करणाऱ्यांना सरकारी माणसं गाडीतून हुडकत येतात, हे आर्विडनं वाचलं होतं. त्याचा चमचा वाडग्यात बुडाला.

“याचा कारभार कोण बघतं?” माणसानं वर बोट दाखवलं.

“मी,” आर्विड म्हणाला.

“बरं झालं भेटलात. मघापासून बाहेर गाडीत बसून बघतोय. जोर चांगला आहे हो. पार रस्त्यापर्यंत येतो.”

“येत असेल.”

“म्हटलं, आता आत जाऊन सरळ विचारावं. चारचौघांत विचारायला बरं वाटत नाही, पण इलाज नाही.”

“विचारू नका,” आर्विड उठला. त्याचे कान पेटले होते. “मीच सांगतो. तबकड्या मी पुलापलीकडून आणल्या. अमेरिकेच्या कायद्याच्या. रडारवरची ती पाचर बर्फाची नव्हती, माझी होती. लोर्नानं जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. कळल्यावर मी गुपचूप पट्टी बदलली, खोकं जाळलं, आणि तिला गावाच्या तोंडी दिलं. दंड करा, तबकड्या जप्त करा, माझी ना नाही.”

लोर्ना त्याच्याकडे बघत होती. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“तू रोज माझ्यासमोर कॉफी प्यायचास, आर्विड,” ती हळूच म्हणाली.

“हो.”

“आणि आज हे आले म्हणून बोललास.”

त्यानं मान खाली घातली. अनोळखी माणसानं टोपी काढली, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि अवघडून घसा साफ केला.

“मी ओंडक्यांचे ट्रक चालवतो हो,” तो म्हणाला. “घरी फोन लागत नाहीये. वायफायचा पासवर्ड तेवढा सांगता का?”