ओकच्या फळ्या, चिकटवून

“काकू, चिकटवायच्या भानगडीत पडू नका,” रूलोफ तिसऱ्यांदा म्हणाला.

फेन्नाबाईंनी त्याच्या दुकानातल्या काउंटरवरचा जमिनीच्या फळीचा तुकडा उचलून कडेनं पाहिला. वर चार मिलिमीटर खरं ओक, खाली प्लायवूडचे आडवे-उभे थर. अखंड लाकूड आकसतं तशी ही फळी थंडीत आकसत नाही, दमटपणानं फुगत नाही, आणि अंथरल्यावर फरक कुणाच्या बापाला कळत नाही.

“हीच फळी खाचांची घ्या. खाचेत खाच अडकवायची, झालं. उद्या घर सोडलंत तर दुपारभरात उचलून गाडीत टाकता येते.”

“दुपारभरात. ठाऊक आहे मला.”

ठाऊक असणारच. डेल्फ्झाइल या त्यांच्या डच गावात भाड्याचं घर मिळतं ते उघड्या सिमेंटचं. वरची जमीन ज्यानं त्यानं आपली आणायची आणि जाताना उखडून न्यायची; सिमेंट पुन्हा उघडं झाल्याशिवाय किल्ली परत घेत नाहीत. भाडेकरू वारला तरी सुटका नाही, मग ते मुलांच्या गळ्यात पडतं. मार्चमध्ये शेजारच्या डाइकेमाबाई गेल्या. त्यांची तिन्ही मुलं जेवण करून आली, खाचांच्या फळ्या खटाखट सुटल्या आणि चारची कॉफी व्हायच्या आत गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. बावीस वर्षांचा संसार! फेन्नाबाईंचं त्यांच्याशी कधी पटलं नव्हतं, तरी खिडकीत उभं राहून त्यांना रडू आलं होतं.

“आणि चिकटवलेली काढायची झाली तर?” त्यांनी विचारलं.

“अहो, तेच तर सांगतोय. तुमच्या तीन खोल्या म्हणजे एकट्या माणसाला चार दिवस. एकेक फळी तोडायची, मग गोंद खरवडत बसायचं. सगळं गुडघ्यांवर. शत्रूवर अशी वेळ येऊ नये.”

“चिकटवूनच टाक.”

रूलोफनं हात टेकले. “एवढी भक्कम जमीन कशासाठी हो? नाचायचंय की काय तिच्यावर?”

“हार्मेन यायचाय राहायला.”

“कोण, आमचा हार्मेन?” फेन्नाबाईंचा मुलगा आणि रूलोफ एका वर्गात होते. “काकू, तो स्वतःच्या लग्नात घड्याळ बघत होता!”

“या खेपेला थांबेल.”

“कधी येतोय?”

“हिवाळा सरायच्या आत.”

रूलोफला बरं वाटलं. बाई कोटात हरवल्यासारख्या दिसत होत्या, म्हणून त्यानं तब्येतीचंही विचारलं. “डॉक्टरांनी पुढची तारीखच दिली नाही,” त्या म्हणाल्या. “आता यायची गरज नाही म्हणाले.”

“वा! म्हणजे सुटलात!”

“सुटलेच म्हणायचं.”

फळ्यांचे खोके दोन दिवस घरात नुसते पडून राहिले. घरातल्या हवेची सवय झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नसतो. मग रूलोफ स्वतः आला. तो एका खोलीत गोंद पसरायचा तेव्हा फेन्नाबाई खुर्ची घेऊन दुसऱ्या खोलीत बसायच्या, आणि दारातून त्याच्याकडे बघत राहायच्या. घरात कुणीतरी दिवसभर काम करतंय, मध्येच शिवी हासडतंय, शीळ घालतंय, याचं त्यांना फार सुख वाटत होतं.

“हार्मेन माझा एकेक सांधा तपासेल बघा,” रूलोफ म्हणाला. “दुसऱ्याच्या हातचं काम त्याला कुठं पटतं? स्वतःच्या घरात कारागिराला पाऊल टाकू दिलं नाही पठ्ठ्यानं.”

“बापाचं वळण. खिळासुद्धा स्वतःच ठोकायचा. आणि हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही.”

“फक्त तुमची कॉफी तेवढी अर्धवट सोडतो!”

फेन्नाबाई हसल्या, पण ते त्यांना लागलं. एका कपाला एक बिस्कीट आणि लगेच डब्याचं झाकण बंद, ही तर इथली रीतच. पण हार्मेन दुसऱ्या कपापर्यंत कधी पोचायचाच नाही. वर्षातून एकदा, आईच्या वाढदिवसाला, अंगातला कोट न काढता खुर्चीच्या कडेवर टेकायचा आणि झ्वोलेला आपल्या घरी परतायची गाडी पकडायचा. भांडण नव्हतं, राग नव्हता. काहीच नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी रूलोफला विचारलं, “ही गुडघ्याला बांधायची गादी कुठं मिळते रे?”

“तुम्हाला कशाला?”

“कुंड्यांचं काम असतं.”

“कुंड्या काय गुडघ्यांवर बसून करता?” असं म्हणत त्यानं गाडीतून एक कोरी जोडी आणून दिली. जाताना खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं टाच आपटली. आवाज घट्ट आला.

रविवारी हार्मेनचा फोन आला.

“आई, या महिन्यात काही जमत नाही बघ. ख्रिसमसचंही कठीणच दिसतंय.”

“बरं.”

“तू ठीक आहेस ना?”

“जमीन नवी घातलीय. ओकची.”

“छान. बरं, ठेवतो, दारात कुणीतरी आलंय.”

त्यांनी फोन ठेवला. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण आता त्याची वाट बघत खिडकीत जायचं नव्हतं, आणि तेवढं एक ओझं उतरलं होतं.

मग त्यांनी बिस्किटांचे चार पुडे डब्यात रिकामे केले, कॉफीचं नवं पाकीट पुढं काढून ठेवलं, आणि टेबलाशी बसून थोडंसं लिहिलं. तो कागद गुडघ्यांच्या गाद्यांमध्ये घालून, किल्ल्या टांगायच्या खिळ्याखाली, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा ठेवला.

“हार्मेन, फळ्या उखडायला झोपायच्या खोलीपासून सुरुवात कर, खिडकीच्या बाजूनं. गाद्या बांधल्याशिवाय खाली बसू नकोस. रूलोफ म्हणतो, एकट्याला चार दिवस लागतील. मध्ये मध्ये कॉफी घे, आणि डब्याला झाकण लावू नकोस.”