न शोधलेला बिघाड

इंजिनिअरिंग संपवून पहिल्याच मुलाखतीला गेलेली नात पार गोंधळून घरी आली.

“आजोबा, त्यांनी विचारलं, इलेक्ट्रिकलमध्ये जाणार की इलेक्ट्रॉनिक्समध्ये? म्हटलं, चार वर्षं दोन्ही शिकले, अजून ठरत नाही. मग विजेच्या पॅनेलमधला बिघाड शोधायला सांगितला. तोही शोधला नाही. तरी म्हणतात, सोमवारपासून या!”

मी जन्मभर पुस्तकांत डोकं घातलेला माणूस, मला यातलं काय कळणार? तरी चाचरत विचारलं, “का गं नाही शोधलास?”

“कसा शोधणार? साहेब म्हणाले, वीज बंद आहे. मी आपला सवयीनं आधी टेस्टर लावला, तर चालू! मग मी हातच लावला नाही. आजोबा, इतक्या निष्काळजी माणसांकडे नोकरीला जाऊ की नको?”