हंड्यावरचा त्रिशूळ

पहिल्या महायुद्धातली बसऱ्याची लढाई संपली आणि फौजेतलं मोडीत निघालेलं सामान हर्रास होऊन सिरसाळ्याच्या बाजारात आलं. बद्री पाटलांनी त्यातला तांब्याचा हंडा उचलला, कारण काठाखाली तीन रेघांचा चक्क त्रिशूळ ठोकलेला होता. हंडा त्यांनी गावच्या महादेवाला वाहिला. तेव्हापासून अभिषेक त्यातल्याच पाण्याचा.

श्रावणात महारवाड्यातला धर्मा पलटणीतून सुटून गावी आला आणि देवळाच्या पायरीखाली हात जोडून उभा राहिला. अभिषेक उरकून गुरवानं हंडा घासायला बाहेर ठेवला होता. पाटलांनी तो लांबूनच दाखवला.

"बघ बे धर्मा, देवानंच धाडलाय."

धर्मा वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पाटील, त्रिशूळ न्हाई त्यो. सरकारी मालावर खूण म्हणून ठोकत्यात त्यो बाण हाय. अन् खालचा आकडा आमच्या पलटणीचा."

"मंजे?" पाटलांचा आवाज उतरला.

"बसऱ्याला आमी समदे महार ह्याच्यातच हात घालून पानी पेत होतो."

पाटलांनी घाईघाईनं मागं बघितलं. "कुनाला बोलू नको बाबा."

"न्हाई बोलत, मालक."

तेवढ्यात गुरव सकाळच्या अभिषेकाचं तीर्थ घेऊन बाहेर आला.



विटाळ नको म्हणून त्यानं वरच्या पायरीवरूनच धर्माच्या ओंजळीत धार सोडली, आणि पाटलांना काही मान वर करता येईना.